फायबर, रक्ततपासणी आणि हृदय: या चुका टाळा

फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये पन्नास-साठ टेस्ट असतात, पण त्यात फायबरची टेस्ट शोधत बसू नका. ती नसतेच. फायबर आपल्याला पचत नाही, म्हणून ते रक्तात उतरत नाही. रक्तात सापडतात त्या फक्त त्याच्या खुणा: धान्याच्या कोंड्यासोबत आलेली काही संयुगं, नाहीतर आतड्यातल्या जिवाणूंनी बनवलेले पदार्थ. खूण नेमकी कोणाची, हे न बघता आकडा वाचला की घोटाळा सुरू होतो.

गव्हाची खूण भाकरीला लावू नका

संशोधक सर्वांत जास्त भरवसा ठेवतात तो अल्किलरिसॉर्सिनॉल या संयुगांवर. ती गव्हाच्या आणि राय या धान्याच्या बाहेरच्या थरात असतात. त्यावरचं बरंचसं काम स्वीडन-फिनलंडकडचं आहे, कारण तिकडे रायचा ब्रेड रोजच्या ताटात असतो. यातल्या दोन संयुगांचं एकमेकांशी गुणोत्तर रायमध्ये साधारण १ आणि गव्हात ०.१ असतं, त्यामुळे माणसानं यांपैकी कोणतं धान्य जास्त खाल्लं याचाही अंदाज येतो.

पण ज्वारी, तांदूळ, मका आणि ओट्समध्ये ही संयुगं आढळत नाहीत. म्हणजे दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ खाणाऱ्या सोलापूरकडच्या माणसाचं रक्त तपासलं, तर या मोजमापात तो जवळपास फायबर न खाणारा ठरेल! परदेशी अभ्यासाच्या बातम्या वाचून स्वतःच्या ताटाला नावं ठेवण्याआधी एवढं लक्षात असू द्या.

गव्हातही मेख आहे. चक्कीवरून दळून आणलेली कणीक बारीक चाळणीनं चाळली की चाळणीत जो कोंडा राहतो, त्यातच ही संयुगं आणि फायबर दोन्ही जास्त असतात. पोळी मऊसूत होते खरी, पण रक्तातली खूण आणि पोटातलं फायबर एकदमच घटतं. शक्यतो चाळूच नका. चाळायचीच असेल तर मोठ्या भोकांची चाळणी घ्या.

शिवाय ही संयुगं रक्तात फार टिकत नाहीत. साधारण पाच तासांत ती निम्मी होतात. रोज पोळी खाणाऱ्याची पातळी त्यातल्या त्यात स्थिर राहते. एरवी भात खाणाऱ्यानं आदल्या रात्री चार पोळ्या खाल्ल्या, तर आकडा त्या रात्रीबद्दल बोलेल, वर्षभराच्या आहाराबद्दल नाही.

अँटिबायोटिकचा कोर्स विसरू नका

दुसरी खूण एन्टेरोलॅक्टोनची. जवस, तीळ आणि अख्ख्या धान्यातल्या लिग्नान या वनस्पतीजन्य संयुगांपासून आतड्यातले जिवाणू ते तयार करतात. फिनलंडमधल्या कुओपिओ भागातल्या पुरुषांवरचा एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तात एन्टेरोलॅक्टोन जास्त होतं, त्यांना हृदयविकाराचे झटके कमी आले होते. पुढच्या सगळ्या अभ्यासांत मात्र चित्र इतकं स्पष्ट राहिलं नाही. त्याचं एक कारण समजण्यासारखं आहे: अँटिबायोटिक घेतलं की हे जिवाणू मार खातात आणि जवसाची चटणी रोज खाऊनही पातळी खाली जाते, तीही बराच काळ.

सगळ्या फायबरकडून एलडीएल उतरवण्याची अपेक्षा करू नका

मला वाटतं, सर्वाधिक निराशा इथेच पदरी पडते. गव्हाचा कोंडा पोट साफ ठेवतो, पण एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, फारसं हलवत नाही. एलडीएल उतरवतं ते पाण्यात विरघळून बुळबुळीत होणारं फायबर: ओट्समधलं बीटा-ग्लुकन, इसबगोल. ते पित्तातली आम्लं धरून शौचावाटे बाहेर नेतं, मग नवी आम्लं बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकननं एलडीएल दर डेसिलिटर रक्तामागे सरासरी १० मिलिग्रॅमच्या आसपास उतरतं. त्यासाठी साधारण ७५ ग्रॅम कोरडे ओट्स लागतात. मसाला ओट्सच्या छोट्या पाकिटात त्याच्या निम्मेच असतात. १९० चं एलडीएल ओट्सनं ताळ्यावर येणार नाही, त्यामुळे डॉक्टरांनी दिलेली स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल उतरवणारी) गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका.

गंमत अशी, की रक्तातली सर्वांत विश्वासार्ह खूण गव्हाच्या कोंड्याची, आणि एलडीएल उतरवणारे ओट्स व इसबगोल तिच्या नजरेतच येत नाहीत. म्हणून कोंड्यासकट गहू निरुपयोगी असं मात्र नाही. हृदयाचा फायदा एकट्या एलडीएलवर अवलंबून नसतो.

घाईनं पुन्हा रक्त देऊ नका

आहार बदलल्यावर आठवड्यात लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉल आणि चरबीची टेस्ट) करून काही कळत नाही. सहा ते आठ आठवडे जाऊ द्या, शक्यतो त्याच लॅबमध्ये करा. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ४०० च्या वर असेल तर सूत्रानं काढलेला एलडीएलचा आकडा धरू नका, थेट मोजणी करून घ्या. एचएस-सीआरपी ही शरीरातला दाह दाखवणारी टेस्ट सर्दी-तापात किंवा दाताचं दुखणं चालू असताना करू नका. तिचा आकडा १० च्या वर आला तर आधी कुठे संसर्ग आहे का ते पाहतात आणि बरं वाटल्यावर टेस्ट पुन्हा करतात.

इसबगोल आणि गोळ्या एकत्र घेऊ नका

थायरॉइडची गोळी इसबगोलसोबत घेतली तर नीट शोषली जात नाही. मग थायरॉइडच्या तपासणीतला टीएसएच वाढलेला दिसतो आणि डोस उगाच वाढवला जातो. दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा, बाकी औषधांबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि इसबगोल कोरडं तोंडात टाकू नका, ते घशात फुगून अडकतं. मोठा ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्या.