संमतीने एकाहून अधिक नाती: गावातील तरुणांचे मत कसे समजून घ्यावे

संबंधित सर्वांना ठाऊक असलेली आणि सर्वांनी मान्य केलेली एकाहून अधिक प्रेमाची नाती, हा विषय तरुणांपुढे मांडताना आरंभीच 'तुमचे मत काय' असे विचारू नये. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी सोयाबीन निघाल्यावर अभ्यासिकेत ही चर्चा झाली, तेव्हा एक मुलगा ताडकन म्हणाला, "आमच्यात असं चालत नाही." "आणि तुला?" असे विचारल्यावर तो पेनाचे टोपण काढत-घालत राहिला आणि मग हळूच बोलला, "मले तं जमणार नाही, मी जळतो." दोन्ही उत्तरे नकाराचीच होती, पण पहिल्यात जात, घर आणि गाव बोलत होते, तर दुसऱ्यात तो स्वतः. 'आमच्यात'पासून 'मले'पर्यंत पोहोचायला त्याला वेळ द्यावा.

मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये वडीलधाऱ्यांकडून जशीच्या तशी घेतलेली ओळख आणि स्वतः पारखून स्वीकारलेली ओळख यांत भेद केला. म्हणून पारखून एकनिष्ठाच निवडणाऱ्याला मागासलेला समजू नये. नागपूरला शिकायला गेल्यावर मित्रांच्या नादाने दिलेला होकारही उसना असू शकतो.

अमेरिकेतील अविवाहितांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे पाचांपैकी एकाने संमतीच्या अशा एकाहून अधिक नात्यांचा अनुभव सांगितला आणि समलैंगिक व उभयलैंगिक व्यक्तींत हे प्रमाण अधिक आढळले. ते आकडे आपल्याकडे लावू नयेत. मात्र लैंगिक ओळखीचा मताशी संबंध असू शकतो हे ध्यानात ठेवावे आणि कोणालाही चारचौघांत ती ओळख सांगण्यास भाग पाडू नये.

कायदा थोडक्यात सांगावा. २७ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने व्यभिचार गुन्हा राहिला नाही, तरी तो घटस्फोटाचे कारण आहे. आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार जोडीदार हयात असताना व घटस्फोट झालेला नसताना केलेले दुसरे लग्न रद्दबातल ठरते.

मुलींशी मात्र स्वतंत्र बसून बोलावे, कारण मुलांसमोर त्या मनातले बोलत नाहीत. त्यांच्यासाठी हा विषय नवा नसतो. दुसरी बायको घरात आणणारे पुरुष त्यांनी पाहिलेले असतात. आमच्याकडे एकीने विचारले, "पहिलीले कोणी इचारलं होतं काय?" संमतीची व्याख्या सांगण्याऐवजी हाच प्रश्न पुढे ठेवावा आणि त्याला जोडून विचारावे: तिने नाही म्हटले असते, तर ती राहिली कुठे असती, शेत कोणाच्या नावावर होते, माहेरी तिला कोणी ठेवून घेतले असते का? उत्तरे नाव न घालता चिठ्ठीवर लिहून घ्यावीत आणि मुलींची परवानगी असेल, तरच ती मुलांच्या गटात वाचून दाखवावीत.