शॅमेलिऑनची विष्ठा: आधी पांढरा भाग बघा

बडोद्याच्या मे महिन्यात खोलीत पंखा फिरत असला की पिंजऱ्यातल्या पानांवरचं पाणी बघता बघता सुकतं. शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, वाटीतलं पाणी सहसा पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. तहानलेला राहिला की पहिली चुगली त्याची विष्ठा करते.

तळाशी पांढरा टिश्यू पेपर अंथरा, म्हणजे रंग नीट कळतो. तब्येत चांगली असेल तर एक घट्ट तपकिरी तुकडा दिसतो आणि त्याला चिकटून पांढरा गोळा. हा पांढरा भाग म्हणजे त्याची लघवीच, युरिक अ‍ॅसिडच्या रूपात. टोकाला जरा पिवळसर असेल तर घाबरू नका. अख्खा गोळाच केशरी आणि खडूसारखा कोरडा असेल तर पाणी कमी पडतंय. सकाळ-संध्याकाळचा फवारा लांबवा, दिवसा ठिबक ठेवा. आमच्याकडे सलाइनच्या नव्या नळीचा जुगाड मस्त चालतो.

किड्यांचे पाय-पंख दिसणं ठीक, पण न पचलेला अख्खा किडा बाहेर आला तर पिंजऱ्यातल्या दिव्याखालची ऊब कमी पडत नाही ना, ते तपासा. विष्ठा सलग पातळ, घाण वासाची किंवा रक्ताची असेल तर जंताची शंका घ्या. ताजा नमुना झाकणाच्या डबीत घालून त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या. तोवर डबी फ्रिजमध्ये, श्रीखंडापासून लांब! हात साबणाने धुवा; साल्मोनेला या जिवाणूचा धोका असतो.

आणि हो, हे परदेशी जातींबद्दल. देशी शॅमेलिऑन पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.