पोलिसांनी मारलं तर: आधी दवाखाना, मग वकील

पोलिसी मारहाणीची तक्रार घेऊन लोक वकिलाकडे येतात तोवर बहुधा महिना उलटलेला असतो. वळ गेलेले असतात.

म्हणून पहिलं काम, सरकारी रुग्णालय गाठा आणि एमएलसी, म्हणजे मारहाणीच्या जखमांची कायदेशीर वैद्यकीय नोंद, करायला सांगा. डॉक्टर विचारतात, "काय झालं?" भीतीपोटी बरेच जण "पडलो" म्हणतात. केसपेपरवर तेच उतरतं आणि पुढे कोर्टात तोच कागद आपल्यावर उलटतो. कोणी, कशाने, कुठे मारलं ते सांगा. तळपाय, मांड्या दाखवायला लाजू नका. फोटो दुसऱ्या दिवशीही काढा, काळंनिळं तेव्हा जास्त उमटतं.

अटक झाली असेल तर 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नेतात. तिथे प्रश्न येतो, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" मारणारा शेजारीच उभा असला की मान आपोआप नकारार्थी हलते. तेवढा क्षण धीर धरा. "आहे" म्हणा आणि वैद्यकीय तपासणी मागा.

त्याच आठवड्यात पोलीस ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा लेखी अर्ज द्या. तारीख-वेळ घाला, पोच घ्या. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये चित्रण 18 महिने ठेवायला सांगितलंय खरं, पण नेमका त्या दिवशी कॅमेरा बंद होता हे उत्तर जुनंच आहे.

गुन्हा नोंदवत नसतील तर पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना स्पीड पोस्टाने तक्रार पाठवा, मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे. मानवी हक्क आयोगाकडे मात्र वर्षाच्या आत जा.

भरपाईसाठी दिवाणी दावा लावता येतो, पण सरकारला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 161 मधली दावा लावण्याची मुदत फार तोकडी आहे. ते कलम वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा. मूलभूत हक्कांवर घाला उघड दिसत असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका, म्हणजे हक्क राखण्यासाठी थेट केलेला अर्ज, हा जवळचा रस्ता.

ओडिशाच्या नीलाबती बेहेरांनी तर थेट सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं होतं. पोलीस म्हणत होते, मुलगा कोठडीतून पळाला आणि रेल्वेखाली गेला. डॉक्टरांनी साक्ष दिली की जखमा रेल्वेच्या नाहीत, लाठीच्या असू शकतात. 1993 मध्ये त्यांना दीड लाखाची भरपाई मंजूर झाली.