लोहगावच्या हवाई तळाचा इतिहास कसा लिहावा

पुण्याहून विमानाने जाणारा प्रवासी ज्या धावपट्टीवरून आकाशात जातो, ती भारतीय हवाई दलाची आहे. ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सने १९३९ मध्ये लोहगावला हा तळ उभारला. मुंबईला हवाई संरक्षण पुरवणे हे त्याचे काम होते, आणि नागरी वाहतूक तिथे पुष्कळ नंतर आली. या तळाचा इतिहास मराठीत नीट लिहिला जावा असे मला मनापासून वाटते. कुंपणाच्या आत न डोकावता, केवळ खुल्या कागदपत्रांवरून आणि माणसांच्या आठवणींवरून तो लिहिता येतो. ज्यांना हे काम हाती घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी पुढील मार्गदर्शन आहे.

सर्वांत आधी तळ, विमानतळ, स्क्वॉड्रन (म्हणजे हवाई दलाची विमानांची तुकडी) आणि विमान या चार गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, कारण बहुतेक चुका त्या एकमेकींत मिसळल्याने होतात. तळ जागेवर राहतो. स्क्वॉड्रन मात्र आज इथे असते, तर काही वर्षांनी दुसऱ्या राज्यात, आणि तिची विमानेही मधल्या काळात बदललेली असतात. मिग-२९ विमाने १९८७ मध्ये प्रथम पुण्यात दाखल झाली, पण पुढे त्या तुकड्या इतर तळांवर गेल्या. त्यामुळे एखाद्या स्क्वॉड्रनचा पराक्रम वाचला, की ती त्या दिवशी खरोखर पुण्यातून उडाली होती का, हे तपासल्याशिवाय तो लोहगावच्या खात्यावर मांडू नये. पुण्याच्या कमला नेहरू पार्कमध्ये ठेवलेले ‘मरुत’ हे भारतीय बनावटीचे जुने लढाऊ विमान पाहून ते लोहगावचेच असावे, असा तर्क करण्याचा मोह होतो. शहरात प्रदर्शनासाठी ठेवलेले विमान त्याच शहरातल्या तळावर होते असे त्यावरून सिद्ध होत नाही.

महायुद्धाच्या काळासाठी ‘लोहगाव’ हे नाव शोधून फारसे हाती लागणार नाही. त्या नोंदी ‘पूना’ या नावाखाली पाहाव्यात. लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात रॉयल एअर फोर्सच्या दैनंदिन कामकाजाच्या वह्या आहेत. तिथे ‘एअर २७’ या वर्गात स्क्वॉड्रनच्या, तर ‘एअर २८’ या वर्गात तळांच्या वह्या ठेवलेल्या आहेत. मॉस्किटो आणि वेलिंग्टन या विमानांचे पुण्यातले वास्तव्य अभ्यासायचे असेल, तर हीच खरी वाट आहे. त्या वर्षांची मराठी वर्तमानपत्रे अवश्य चाळावीत, परंतु युद्धकाळात बातम्यांवर सरकारी निर्बंध होते, म्हणून तिथे तळाविषयी काही सापडले नाही तर काही घडलेच नाही असा निष्कर्ष काढू नये. खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ जणांच्या समाध्या आहेत. मृताचे दल, तुकडी आणि मृत्यूची तारीख राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या सूचीत मिळते, आणि वहीतली नोंद पडताळायला तिचा चांगला उपयोग होतो.

मे १९४७ मध्ये तळ रॉयल इंडियन एअर फोर्सकडे आला. त्यानंतरच्या काळात मराठी वाचकाला सर्वांत जवळचे प्रकरण गोवामुक्तीचे आहे, आणि माझ्या मते लेखनात त्याला सर्वांत मोठी जागा द्यावी. एअर व्हाइस मार्शल अर्लिक पिंटो यांच्या हाताखाली हवाई बळ पुणे आणि बेळगावजवळच्या सांबरा या दोन ठिकाणी एकवटले होते. १८ डिसेंबर १९६१ रोजी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी गोव्यातील दाबोळीच्या धावपट्टीवर काही मिनिटांत ६३,००० पौंड वजनाचे बॉम्ब टाकून ती निकामी केली. पाठोपाठ आठ कॅनबेरांची दुसरी तुकडी गेली, तर बांबोळीचे बिनतारी केंद्र सांबऱ्याहून आलेल्या हंटर विमानांनी लक्ष्य केले. दुसऱ्याच दिवशी पोर्तुगीज शरण आले.

याच प्रकरणात आठवणी गोळा करण्याची रीतही शिकता येते. लोहगाव, धानोरी, कळस या गावांतल्या आजी-आजोबांना थेट ‘कोणत्या साली?’ असे विचारले, तर उत्तर बहुधा डळमळीत येते. त्याऐवजी ‘पानशेतच्या पुराआधी की नंतर?’, ‘कोयनेच्या भूकंपाच्या वेळी?’, ‘बहात्तरच्या दुष्काळात?’ असे विचारावे. पानशेत १२ जुलै १९६१ रोजी फुटले, म्हणजे गोव्याच्या कारवाईआधी अवघे पाच महिने. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. या खुणांना बांधलेली आठवण बरीच नेमकी असते. जमिनींच्या कथा मात्र केवळ ऐकून लिहू नयेत. हवेली तालुक्यातले जुने फेरफार आणि भूमी अभिलेख कार्यालयातले नकाशे पाहावेत, कारण कोणत्या गटाचे संपादन केव्हा झाले हे कळण्याची विश्वसनीय जागा तीच आहे. लोहगाव हे तुकाराम महाराजांचे आजोळ मानले जाते, हेही त्या गावाविषयी लिहिताना विसरू नये. तळ येण्यापूर्वी शेकडो वर्षे त्या गावाला स्वतःची ओळख होती.

अलीकडच्या काळात सुखोईची दोन रूपे नीट ओळखावीत. १९९७ मध्ये पुण्यात आली ती सुखोई-३० के, आणि २७ सप्टेंबर २००२ रोजी समारंभपूर्वक दाखल झाली ती सुखोई-३० एमकेआय. छायाचित्रात वैमानिकाच्या कक्षालगत दोन छोटे पुढचे पंख दिसले, तर ते एमकेआय होय. याच तळावरून ८ जून २००६ रोजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी आणि २५ नोव्हेंबर २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांनी सुखोईतून उड्डाण केले.

सध्याचा वापर लिहिताना लेखणी आवरती घ्यावी. तळ नैर्ऋत्य हवाई कमांडच्या अखत्यारीत आहे, हवाई वाहतुकीचे नियंत्रण हवाई दलाकडे आहे आणि प्रवासी टर्मिनल विमानतळ प्राधिकरण चालवते, एवढे निःशंक सांगता येते. सुमारे अडीच किलोमीटर लांबीची एकच धावपट्टी दोघे वापरतात, म्हणून १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ या काळात तिच्या कामासाठी नागरी उड्डाणेही थांबवावी लागली. नवे टर्मिनल १४ जुलै २०२४ पासून वापरात आले. विमानांची संख्या, त्यांच्या निवाऱ्यांच्या जागा, सरावाच्या वेळा हे तपशील कोणी सांगितले तरी लिहू नयेत. धावपट्टीचे किंवा तळाचे छायाचित्र विमानातून वा गच्चीवरून काढू नये, आणि ड्रोन तर उडवूच नये. चित्रे हवी असतील, तर संरक्षण मंत्रालयाने स्वतः प्रसिद्ध केलेलीच वापरावीत आणि प्रत्येकाखाली प्रसिद्धीची तारीख लिहावी.