मुंबई विद्यापीठाकडून माहिती अधिकारात कागद कसा मिळवावा: ठाणे-नवी मुंबईच्या विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी

समजा, सगळे पेपर दिलेत आणि निकालात एका विषयापुढे 'गैरहजर' छापून आलंय. किंवा पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरले, पुढचं सत्र संपत आलं, तरी काही पत्ता नाही. कॉलेज विद्यापीठाकडे बोट दाखवतं, विद्यापीठ कॉलेजकडे. अशा वेळी नोकरीवर सुट्टी टाकून ठाण्याहून किंवा नेरूळहून कलिनाला हेलपाटे घालण्याआधी दहा रुपयांचा एक अर्ज करा, असं मी आग्रहाने सांगते. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ साली आला. मोठे घोटाळे बाहेर काढण्यासाठी तो जितका आहे, तितकाच एकोणीस वर्षांच्या मुलीला स्वतःच्या अर्जाचं काय झालं हे लेखी कळावं यासाठीही आहे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा: या कायद्याखाली खुलासा मिळत नाही, कागद मिळतो. बहुतेक अर्ज फसतात ते इथेच.

कागद कुणाकडे आहे ते आधी शोधा

ठाणे, पालघर आणि रायगड जिल्ह्यांतली बहुतेक पदवी महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाला संलग्न आहेत. विद्यापीठाच्या परीक्षांचं कामकाज सांताक्रूझ पूर्वेला, कलिनाच्या विद्यानगरी संकुलात चालतं. कुलसचिवांचं कार्यालय फोर्टात आहे. बाळकुमचा ठाणे उपपरिसर घराजवळ पडतो खरा, पण तुमच्या कॉलेजच्या परीक्षेची फाइल तिथे नसते. शिवाय पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या बऱ्याचशा परीक्षा विद्यापीठाच्या वतीने कॉलेजच घेतं. तसं असेल तर कागद कॉलेजातच आहे, कलिनाला जायचं कारणच नाही.

कायद्याच्या कलम ४ नुसार विद्यापीठाला आपल्या जन माहिती अधिकाऱ्यांची, म्हणजे अशा अर्जांना उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्यांची, यादी स्वतःहून जाहीर करावी लागते. संकेतस्थळावर ती शोधा आणि आपल्या विभागाच्या अधिकाऱ्याचं पदनाम घ्या. अर्ज पदनामावर करा, नावावर नको, माणसं बदलतात.

अनुदानित कॉलेजलाही हा कायदा लागू आहे. सरकारी पैशावर मोठ्या प्रमाणात चालणाऱ्या शिक्षणसंस्था त्यात येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. विनाअनुदानित कॉलेज 'आम्हाला लागू नाही' म्हणून हात वर करतं, तेव्हा निराश होऊ नका. त्या कॉलेजबद्दलचे कितीतरी कागद विद्यापीठाकडे असतातच: संलग्नतेचा प्रस्ताव, कॉलेजची पाहणी करणाऱ्या स्थानिक चौकशी समितीचा अहवाल, शिक्षकांच्या नियुक्त्यांना दिलेली मान्यता. ते विद्यापीठाकडून मागा. ग्रंथालय, प्रयोगशाळा, शिक्षकसंख्या याबद्दल कॉलेजने कागदावर काय लिहून दिलं आणि वर्गात प्रत्यक्ष काय आहे, हे ताडून बघण्याचा मला यापेक्षा चांगला मार्ग माहीत नाही.

विद्यापीठाबाहेरचेही काही विषय असतात. कळव्याच्या राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयाच्या परीक्षा नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं. पॉलिटेक्निकची पदविका असेल तर तंत्रशिक्षण मंडळाकडे जायचं, इंजिनीअरिंगच्या शुल्कासाठी शुल्क नियामक प्राधिकरणाकडे आणि प्रवेशफेरीसाठी सीईटी कक्षाकडे. दारच चुकलं तरी कलम ६(३) प्रमाणे अधिकाऱ्याने पाच दिवसांत अर्ज योग्य ठिकाणी वर्ग करायचा असतो. 'आमच्याकडे नाही' म्हणून परत पाठवायचा नसतो.

काय मागायचं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. संतापाच्या भरात लिहिलेला अर्ज साधारण असा असतो: 'माझा निकाल का लावला नाही? या दिरंगाईला जबाबदार कोण? त्यांच्यावर कारवाई का करू नये?' प्रश्न रास्त आहेत, पण या कायद्यात बसत नाहीत. 'का' या प्रश्नाचं उत्तर म्हणजे माहिती नव्हे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ साली दिला आहे. त्यावर बोट ठेवून अर्ज निकाली निघतो आणि तुमचा महिना वाया जातो.

मग विचार असा करायचा: माझ्या कामात विद्यापीठाने कुठे कुठे कागदावर काही लिहिलं असेल? अर्ज आवक नोंदवहीत चढला असेल. फाइलवर टिपणी झाली असेल. वेळापत्रकाचं परिपत्रक निघालं असेल. परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या बैठकीत विषय आला असेल, तर तिचं इतिवृत्त असेल. शुल्क भरलं त्याची नोंद असेल. या प्रत्येक कागदाला नाव आहे. त्या नावाने मागितलं की टाळणं अवघड जातं.

आता तोच अर्ज असा लिहा:

माहितीचा विषय: तृतीय वर्ष वाणिज्य, सत्र ६, आसन क्रमांक अमुक, पुनर्मूल्यांकन अर्ज.
कालावधी: अर्ज भरल्याच्या तारखेपासून आजपर्यंत.
माहितीचे वर्णन:
१) माझ्या वरील अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या सर्व टिपण्या व नोंदींच्या प्रती.
२) सदर अर्ज सध्या ज्या अधिकाऱ्याकडे प्रलंबित आहे त्यांचे पदनाम व तो त्यांच्याकडे आल्याचा दिनांक, नोंदवहीच्या उताऱ्यासह.
३) या परीक्षेच्या पुनर्मूल्यांकनासाठी ठरवलेल्या कालमर्यादेच्या परिपत्रकाची प्रत.
४) या विषयाची संपूर्ण धारिका (फाइल) पाहण्याची परवानगी.

यात कुणावर आरोप नाही, पण दुसरा मुद्दा वाचताच संबंधित टेबलाला कळतं की आपलं पदनाम लेखी द्यावं लागणार. माझा अनुभव असा की अनेकदा उत्तर येण्याआधी अडलेलं कामच होतं.

निकाल उशिरा लागण्याबद्दल विचारायचं असेल तर तारखांची साखळी मागा: शेवटचा पेपर कधी झाला, उत्तरपत्रिका स्कॅनिंगला कधी गेल्या, मूल्यमापन कधी पूर्ण झालं, निकाल कधी जाहीर केला. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे शेवटच्या पेपरपासून तीस दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा असतो आणि कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांच्या आत तो लावायचा असतो. २०१७ साली ऑनलाइन तपासणीच्या गोंधळात मुंबई विद्यापीठाचे निकाल कित्येक आठवडे रखडले, परदेशी प्रवेश घेतलेल्या मुलांचे हाल झाले आणि अखेर कुलगुरूंना पद सोडावं लागलं. तारखा समोर आल्या की उशीर नेमका कुठे झाला ते कुणी सांगावं लागत नाही.

अर्जाचा कागद

महाराष्ट्रात जोडपत्र 'अ' हा नमुना वापरतात. साध्या कागदावर त्याच क्रमाने लिहिलं तरी चालतं: प्रति राज्य जन माहिती अधिकारी, तुमचं नाव-पत्ता, विषय, कालावधी, वर्णन, माहिती टपालाने हवी की व्यक्तिशः, आणि दारिद्र्यरेषेखालील आहात का. तसे असाल तर दाखल्याची प्रत जोडा, शुल्क लागत नाही. माहिती कशासाठी हवी हे लिहायची गरज नाही. कलम ६(२) नुसार ते कुणी विचारूही शकत नाही.

राज्याच्या नियमांत २०१२ मध्ये दोन अटी आल्या. अर्ज एकाच विषयाचा असावा आणि साधारण दीडशे शब्दांत बसावा. दोन विषय एकत्र केलेत तर अधिकारी फक्त पहिल्याचं उत्तर देऊन मोकळा होऊ शकतो. म्हणून पुनर्मूल्यांकनाचा एक अर्ज आणि शिष्यवृत्तीचा वेगळा. दहा रुपये जास्त जातील, जाऊ द्यात.

शुल्कासाठी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प सगळ्यात सोयीचा. ठाण्यात कोर्ट नाक्यावर, नवी मुंबईत बेलापूर न्यायालयाच्या परिसरात मुद्रांक विक्रेत्यांकडे चौकशी करा. स्टॅम्प अर्जाच्या पहिल्या पानावर चिकटवा आणि मग पूर्ण अर्जाची झेरॉक्स काढा, म्हणजे तुमच्या प्रतीवर स्टॅम्पही दिसेल.

हाताने देत असाल तर आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. शिक्क्याशिवाय परत फिरू नका. नाहीतर स्पीड पोस्टाने पाठवा. ट्रॅकिंगमध्ये 'वितरित' दिसलं की त्या पानाची प्रिंट अर्जाला लावून ठेवा. विद्यापीठाचा विभाग राज्याच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर दिसत असेल तर घरबसल्याही अर्ज करता येईल.

तीस दिवसांत

अर्ज पोहोचल्यापासून तीस दिवसांत उत्तर यायला हवं. मध्येच एक छोटं पत्र येऊ शकतं: इतकी पानं आहेत, पानाला दोन रुपयांप्रमाणे इतके पैसे भरा. ते लगेच भरा, कारण पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत. तीस दिवस उलटून गेले असतील तर मात्र कलम ७(६) प्रमाणे माहिती फुकट द्यावी लागते, हे नम्रपणे लेखी कळवा.

फाइल पाहण्याची परवानगी मिळाली तर जाच. पहिल्या तासाला शुल्क नाही. नियमाप्रमाणे आत फक्त पेन्सिल नेता येते, पेन अधिकाऱ्याकडे ठेवावं लागतं. फाइलची डावी बाजू आणि उजवी बाजू, दोन्ही बघा: एकीकडे पत्रव्यवहार असतो, दुसरीकडे टिपण्या. निर्णय कसा झाला ते टिपण्यांत सापडतं. हवी ती पानं नोंदवा आणि त्यांच्या साक्षांकित प्रती मागा. तिथल्या लिपिकाशी गोडीने बोला. कुठल्या पानावर काय आहे हे त्याला सगळ्यांत जास्त माहीत असतं.

स्वतःची उत्तरपत्रिका

तपासलेली उत्तरपत्रिका ही 'माहिती' आहे आणि परीक्षार्थीला ती पाहण्याचा, तिची प्रत घेण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ च्या निकालात सांगितलं. परीक्षकाचं नाव मिळणार नाही. त्याच्या सुरक्षिततेसाठी ते झाकलं जातं आणि ते योग्यच आहे. विद्यापीठाची स्वतःची छायांकित प्रतीची सोय आहे, तिची मुदत अजून चालू असेल तर तीही वापरा, कारण पुनर्मूल्यांकनाची वाट तिथूनच जाते. आणि घाई करा. उत्तरपत्रिका ठरावीक काळच जपून ठेवतात. ती मुदत संपून त्या नष्ट झाल्या की कुठलाच कायदा त्या परत आणू शकत नाही.

नकार आला, किंवा काहीच आलं नाही

'वैयक्तिक माहिती', 'त्रयस्थ पक्ष', 'उपलब्ध नाही' ही नेहमीची तीन उत्तरं. मागितलेली माहिती तुमची स्वतःची असेल तर पहिली दोन टिकत नाहीत. दुसऱ्याची असेल, उदाहरणार्थ एखाद्या शिक्षकाची पात्रता, तर २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यामुळे 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार देण्याचा अपवाद आणखी कडक झाला आहे. पण व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते हे कलम ८(२) अजून शाबूत आहे. जनहित काय ते दोन ओळींत लिहा. कागदाचा काही भागच गोपनीय असेल तर तेवढा झाकून बाकीचा द्या, अशी कलम १० खाली मागणी करा. 'उपलब्ध नाही' म्हटलं तर तो कागद कधी आणि कोणत्या आदेशाने नष्ट केला, त्या आदेशाची प्रत मागणारा नवा अर्ज टाका.

उत्तर मिळाल्यापासून, किंवा उत्तराची मुदत संपल्यापासून, तीस दिवसांत प्रथम अपील करा. नमुना जोडपत्र 'ब', स्टॅम्प वीस रुपयांचा. अपिलीय अधिकारी विद्यापीठातलाच वरिष्ठ असतो आणि त्याने तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय द्यायचा असतो. सुनावणीला जमलं तर स्वतः जा. कुठला मुद्दा अपुरा राहिला ते क्रमांकासह एका पानावर लिहून न्या आणि त्या पानावर पोच घ्या. बरीचशी प्रकरणं इथेच सुटतात.

तरीही नाहीच मिळालं तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील. तिथे तारीख मिळायला फार वेळ लागतो, म्हणून प्रथम अपिलातच जीव ओता. दिरंगाई केलेल्या अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे रुपये, कमाल पंचवीस हजारांपर्यंत दंड करण्याचा अधिकार मात्र आयोगालाच आहे.

कागद हातात आल्यावर तो नुसता ठेवू नका. निकाल, शुल्क, प्रवेश याबद्दलची तक्रार कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे त्या प्रती जोडून द्या. तिथेही समाधान झालं नाही, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे नेमलेल्या लोकपालांकडे जाता येतं. तक्रारीत पान क्रमांक आणि टिपणीची तारीख लिहा, आणि मूळ साक्षांकित प्रत कधीही देऊ नका, तिची झेरॉक्स द्या.