एनआरपी कार्डाचे नूतनीकरण कसे करावे

अमेरिकेतील प्रसूतिकक्षात किंवा एनआयसीयूमध्ये (नवजात अतिदक्षता विभागात) काम करणाऱ्या नर्स, रेस्पिरेटरी थेरपिस्ट आणि डॉक्टर यांच्याकडून रुग्णालये सहसा चालू मुदतीचे एनआरपी (निओनेटल रिससिटेशन प्रोग्रॅम) कार्ड मागतात. नवजात बाळाच्या पुनरुज्जीवनाचे हे प्रशिक्षण अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स चालवते आणि त्याचे कार्ड दोन वर्षे चालते. भारतात इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सचा असाच अभ्यासक्रम केलेला असला, तरी अमेरिकेतील रुग्णालयाला ते कार्ड पुरेल असे गृहीत धरू नये.

नूतनीकरणाचे दोन भाग आहेत : आधी ऑनलाइन अभ्यास व परीक्षा, आणि त्यानंतर ९० दिवसांच्या आत प्रशिक्षकासमोरचे प्रात्यक्षिक. गोंधळ होतो तो याच ९० दिवसांपायी, कारण परीक्षा घरबसल्या कधीही देता येत असली, तरी प्रात्यक्षिकाची जागा ठरावीक दिवशीच मिळते. म्हणून प्रथम प्रात्यक्षिकाची तारीख पक्की करावी आणि तिच्या दोन-तीन आठवडे आधी परीक्षा उरकावी.

नाव नोंदवताना ‘इसेन्शियल्स’ की ‘अॅडव्हान्स्ड’ हे आपल्या विभागप्रमुखांकडून लेखी विचारून घ्यावे. २०२१च्या आठव्या आवृत्तीत पहिल्या प्रकारात सुरुवातीचे चार पाठ आहेत आणि ते बॅग-मास्कने, म्हणजे तोंडा-नाकावर मास्क धरून बॅगेने, श्वास देण्यापर्यंत जातात. श्वासनलिकेत नळी घालणे, छाती दाबणे, औषधे, कमी दिवसांची बाळे हे सारे दुसऱ्या प्रकारात येते. अभ्यासाला बसण्यापूर्वी सध्या कोणती आवृत्ती लागू आहे हेही पाहावे, कारण दोन वर्षांपूर्वीच्या टिपणांवर विसंबणे धोक्याचे असते.

माझ्या मते तयारीचा निम्मा वेळ मास्कवर घालवावा. बहुतेक बाळांना फुप्फुसात हवा पोहोचली की बाकी काही लागत नाही, आणि तरीही पाठांतर मात्र औषधांच्या मात्रांचेच जास्त होते. छाती हलत नसेल तर मास्क नीट बसवणे, डोक्याची स्थिती सुधारणे, तोंड व नाक साफ करणे, तोंड उघडणे, दाब वाढवणे आणि शेवटी नळी किंवा लॅरिंजियल मास्क (घशात बसवायचा मास्क), हा क्रम न आठवता हातून घडला पाहिजे. छाती हलवणारे श्वास ३० सेकंद देऊनही हृदयगती ६०च्या खाली राहिली, तरच छातीदाबाकडे वळायचे. तेथे तीन दाबांमागे एक श्वास, म्हणजे मिनिटाला ९० दाब आणि ३० श्वास, अशी लय मोठ्याने मोजत सांभाळावी. जन्मापूर्वीचे चार प्रश्न, म्हणजे गर्भाचे आठवडे, गर्भजल स्वच्छ आहे का, अन्य जोखमी आणि नाळेबाबतचा बेत, प्रात्यक्षिकात स्पष्ट उच्चारून विचारावेत. मनात विचारलेला प्रश्न प्रशिक्षकाला ऐकू येत नाही.

प्रात्यक्षिक झाल्यावर ऑनलाइन खात्यात अभिप्राय-अर्ज भरावा लागतो, त्यानंतरच ई-कार्ड हाती येते. ते त्याच दिवशी उतरवून रुग्णालयाच्या शिक्षण विभागाकडे पाठवावे. कार्ड म्हणजे कौशल्याची हमी नव्हे, असे अकॅडमीच सांगते आणि ती तपासणी रुग्णालयावर सोपवते. त्यामुळे नवे कार्ड असूनही रुग्णालयाने स्वतःची वेगळी चाचणी ठेवली, तर ते नियमाला धरूनच असते.