डिझेल इंजिन बसलं, पण ब्रेक दगड झाला

कुर्ल्याहून जुनं डिझेल इंजिन आणून पेट्रोल पिकअपमध्ये बसवलं. दुसऱ्याच सेल्फला उठलं! गॅरेजच्या आवारात ब्रेक दाबला, तर पेडल दगड. उगाच मास्टर सिलिंडर (ब्रेकचं तेल ढकलणारा भाग) खोलत बसलो, अख्खा रविवार गेला. कारण वेगळंच होतं. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमुळे, म्हणजे हवा अडवणाऱ्या झडपेमुळे, मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम तयार होतो, पेडल हलकं करणारा ब्रेक बूस्टर त्यावरच चालतो. या जुन्या डिझेलला थ्रॉटलची झडपच नाही, मग व्हॅक्यूम येणार कुठून? शेवटी पाठीला व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) मिळाला. त्याला इंजिन ऑइलची लाइन दिली, पाइप बूस्टरला जोडला. पेडल मऊ! टाकी धुऊन जादा डिझेल टाकीत परत नेणारी रिटर्न लाइनही टाकली. आता आरटीओची मंजुरी आणि आरसीवर इंधनाची नोंद बाकी. तोवर गाडी आवारातच.